अरण्यातील शाळा, मुख्याध्यापक आणि संपर्काची नवी साधने



शहरातील शाळेत शिक्षकदालन नावाची एक खोली असते. तेथे एक लांब मेज, चार-सहा खुर्च्या आणि भिंतीवर वेळापत्रक, एवढेच बहुधा असते. परंतु मधल्या सुटीत याच खोलीत शाळेचे अर्धे शिक्षण घडते. अपूर्णांक मुलांना का कळत नाहीत, एखादा मुलगा आठवडाभर का आला नाही, कविता कशी शिकवली तर वर्ग रंगतो, या गोष्टी तेथे सहज बोलल्या जातात. नवा शिक्षक तेथे ऐकून शिकतो, जुन्या शिक्षकाला तेथे नवी कल्पना सुचते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील कितीतरी शाळांना असे दालन नाही. खोली नाही हे त्याचे मुख्य कारण नव्हे. त्या खोलीत बसण्यास पुरेसे शिक्षकच तेथे नसतात. पहिली ते चौथीचे चार वर्ग आणि दोन शिक्षक, हे येथील लहान शाळेचे नेहमीचे रूप होय. त्यांपैकी जो ज्येष्ठ, तोच मुख्याध्यापकाचे काम पाहतो. तो स्वतः दोन वर्ग शिकवितो, पोषण आहाराचा हिशेब ठेवतो, दाखले लिहितो आणि तालुक्याच्या सभेला जातो. तो सभेला गेला म्हणजे मागे राहिलेल्या एका शिक्षकाकडे चारही वर्ग येतात.

अशा शाळेत संपर्काची नवी साधने कशासाठी आणि कशी वापरावयाची, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. या साधनांची उपयुक्तता एकाच कसोटीवर ठरावी. दूरच्या शाळेतील एकाकी शिक्षकाला त्यांच्यामुळे शिक्षकदालन लाभते किंवा नाही, ही ती कसोटी होय. आणि हे दालन उभे करणारा माणूस दुसरा कोणी नसून मुख्याध्यापकच आहे.

भूगोलाने घातलेले कोडे

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे, आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती. चौरस किलोमीटरमागे ७४ माणसे, असे हे प्रमाण पडते. त्याच वेळी राज्याची सरासरी ३६५ होती. उत्तरेकडील कोरचीपासून दक्षिणेकडील सिरोंचापर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात वस्त्या लहान आणि एकमेकींपासून दूर आहेत. बारा तालुक्यांच्या या जिल्ह्यातील सिरोंचा हे ठिकाण जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे.

पावसाळ्यात ही अंतरे आणखी वाढतात. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या भामरागडला पुराचा वेढा पडणे ही कित्येक वर्षांची कहाणी आहे. २०१९ च्या पावसाळ्यात तर असा प्रसंग अनेकदा आला. चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या डोंगराळ भागातील कोलाम गुड्यांची अडचण निराळी असली, तरी तिचा परिणाम तोच. शाळा आहे, शिक्षक आहे, पण दुसरा शिक्षक हाकेच्या अंतरावर नाही.

भूगोलाच्या जोडीला भाषेचा प्रश्न आहे. या दोन जिल्ह्यांत मराठीबरोबर गोंडी, माडिया, कोलामी, तेलुगू, छत्तीसगढी आणि बंगाली या भाषा घरोघरी बोलल्या जातात. पाण्याला ‘एर’ म्हणणारे मूल पहिलीच्या वर्गात येऊन बसते आणि फळ्यावर ‘पाणी’ हा शब्द पाहते. शिक्षकाला त्याचा शब्द माहीत नसेल, तर मूल गप्प बसते, आणि ते मंदबुद्धी असल्याचा गैरसमज होण्यास वेळ लागत नाही. वस्तुतः त्या वर्गात ज्याला भाषा येत नाही, तो शिक्षक असतो. शिक्षकाची ही अडचण सोडविणारा कोणी जाणता सहकारी चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत असू शकतो. या दोघांची गाठ घालून देणे, हेच खरे काम होय.

भेटीची जुनी परंपरा

शिक्षकांनी एकमेकांपासून शिकावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यानंतर विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘शालापत्रक’ हे मासिक चालविले. गावोगावच्या शिक्षकांना एका धाग्यात बांधण्याचे त्या काळचे साधन छापील कागद आणि टपाल हे होते.

पुढे आकाशवाणी आली आणि उपग्रह आला. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा जो प्रयोग झाला, त्यात सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाच्या अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, परंतु त्या प्रयोगाची रचना येथे आजही लक्षात घेण्यासारखी आहे. शिक्षकांना केवळ पडद्यासमोर बसविण्यात आले नव्हते. कार्यक्रमाच्या जोडीला छापील साहित्य होते, प्रत्यक्ष करून पाहण्याच्या कृती होत्या आणि गटात बसून चर्चा होती. यंत्राने विषय पोहोचविला, पण तो पचनी पडला माणसांच्या चर्चेत.

महाराष्ट्रात १९९४ पासून केंद्रप्रमुखांची योजना अंमलात आली. साधारणपणे दहा शाळांचे एक केंद्र आणि त्या केंद्रातील शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र येणे, अशी तिची कल्पना होती. आज राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे मंजूर आहेत, आणि केंद्राच्या मासिक सभेला शिक्षण परिषद म्हणतात. दोन शिक्षकांच्या शाळेचे खरे शिक्षकदालन म्हणजे ही परिषद होय. मात्र ती महिन्यातून एकदाच भरते. उरलेले एकोणतीस दिवस शिक्षक पुन्हा एकटाच असतो. या एकोणतीस दिवसांचा प्रश्न नव्या साधनांनी सोडवावयाचा आहे.

एक साधन, दोन उपयोग

आज जवळजवळ प्रत्येक केंद्राचा व्हॉट्सअॅपवर एक गट आहे. या गटावर दिवसभरात काय येते, हे एकदा शांतपणे पाहावे. अमुक माहिती आज चार वाजेपर्यंत पाठवावी, अमुक छायाचित्र तातडीने टाकावे, ‘यू-डायस’ची नोंद अपूर्ण आहे, ‘सरल’वर दुरुस्ती करावी, असे निरोप एकामागून एक येतात. त्यांच्यामध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सुप्रभातची चित्रे असतात. एखाद्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न, ‘हातच्याची वजाबाकी तिसरीला कशी समजावून सांगावी?’, या गर्दीत वर सरकतो आणि दिसेनासा होतो. त्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. दुसऱ्यांदा ती शिक्षिका प्रश्न विचारीत नाही.

येथे साधनाचा दोष नाही. तारघर हे आदेश पोहोचविण्याचे ठिकाण होते आणि चावडी हे बोलण्याचे. या दोन्ही गोष्टी एकाच खिडकीतून होऊ लागल्या, की आदेशाचा आवाज मोठा असल्याने बोलणे बंद पडते. माहिती वेळेवर मिळणे प्रशासनाला आवश्यक आहे हे खरे. परंतु वर्ग सुरू असताना शिक्षकाला मोबाईल उघडावा लागला, तर दोन वर्गांपैकी एकाचे शिक्षण त्या क्षणी थांबते, हेही तितकेच खरे.

यास्तव मुख्याध्यापकाने आणि केंद्रप्रमुखाने पहिली गोष्ट करावी ती अशी: दोन गट वेगळे करावेत. एक केवळ कार्यालयीन निरोपांचा, दुसरा केवळ अध्यापनाचा. कार्यालयीन निरोप दिवसातून एकदा, शाळा सुटल्यावर, एकत्र करून द्यावेत. खरोखर तातडीचे असेल ते दूरध्वनीवरून सांगावे. अध्यापनाच्या गटावर मात्र माहितीची मागणी कोणीही करू नये, मग तो कितीही वरिष्ठ असो. या साध्या नियमाला खर्च येत नाही आणि त्यासाठी स्वतंत्र शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

प्रश्नाचे मोल

अध्यापनाचा गट वेगळा झाला म्हणजे तो आपोआप बोलका होईल, असे मात्र नाही. शिक्षक आपली अडचण सांगण्यास कचरतो. अडचण सांगितली तर ती आपली उणीव ठरेल, अशी भीती त्याला वाटते. ही भीती घालविण्याचा एकच मार्ग आहे. पहिली अडचण मुख्याध्यापकाने स्वतःची सांगावी. ‘चौथीच्या माझ्या वर्गातील सहा मुलांना भागाकार जमत नाही, दोन पद्धती वापरून पाहिल्या, आणखी काय करावे?’ असे मुख्याध्यापकाने विचारले, की इतरांची जीभ मोकळी होते.

याहून उपयुक्त गोष्ट म्हणजे अशा प्रश्नांचा शिक्षण परिषदेशी सांधा जोडणे. महिनाभर गटावर आलेल्या प्रश्नांपैकी दोन निवडावेत आणि परिषदेचा विषय तोच ठरवावा. जपानमध्ये शिक्षकांनी एकत्र बसून एक पाठ तयार करावयाचा, एकाने तो प्रत्यक्ष वर्गात घ्यावयाचा, इतरांनी मागे बसून मुलांचे निरीक्षण करावयाचे आणि नंतर पाठावर चर्चा करावयाची, अशी जुनी प्रथा आहे. चर्चा पाठाची होते, शिक्षकाची नव्हे, हे तिचे वैशिष्ट्य. दोन शिक्षकांच्या शाळेत मागे बसणार कोण? तेथे मोबाईलचा कॅमेरा उपयोगी पडतो. पाठातील दहा मिनिटांचे चित्रण परिषदेत सर्वांनी पाहावे आणि मुले नेमकी कोठे अडली यावर बोलावे. चित्रण केवळ या कामापुरतेच ठेवावे. मुलांची छायाचित्रे आणि चित्रफिती गटागटांतून फिरू लागणे योग्य नाही. मुलाच्या प्रतिष्ठेचा आणि खासगीपणाचा तो प्रश्न आहे, आणि शाळेत त्याची राखण करणारा पहिला माणूस मुख्याध्यापकच होय.

रेंज नसलेल्या गावासाठी

येथे कोणी विचारील, की जेथे रेंजच नाही तेथे या गोष्टींचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ मोबाईल मनोऱ्यांची सेवा २जी वरून ४जी वर नेण्यास मान्यता दिली. ही सुधारणा मोलाची आहे. तथापि मनोरा उभा राहिला तरी वीज जाते, पावसात सेवा खंडित होते आणि डोंगराच्या पलीकडच्या टोल्यावर आवाज पोहोचत नाही. म्हणून येथील मुख्याध्यापकाने आपली व्यवस्था रेंज असेल त्या दिवसासाठी न आखता रेंज नसेल त्या दिवसासाठी आखावी.

त्याचे मार्ग आहेत. ५ सप्टेंबर २०१७ रोजी देशात ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. त्यावरील पाठ एकदा उतरवून घेतले, की नंतर इंटरनेट नसतानाही पाहता येतात. मुख्याध्यापक पगारबिल, सभा वा बाजाराच्या निमित्ताने तालुक्याला जातोच. त्या दिवशी पुढील पंधरवड्याचे साहित्य मोबाईलमध्ये किंवा पेनड्राईव्हमध्ये भरून आणावे. शेजारच्या शाळेचा शिक्षक येणार नसेल तर त्याच्यासाठीही आणावे. जून महिन्यात, नाले भरण्यापूर्वी, जसा तांदूळ आणि पुस्तकांचा साठा शाळेत करून ठेवतात, तसा पाठांचा आणि ध्वनिफितींचाही साठा करून ठेवावा.

२०२० मध्ये शाळा बंद असताना नागपूर विभागातील जिल्ह्यांसाठी आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू झाला. विभागीय प्रशासन, शिक्षण यंत्रणा आणि ‘प्रथम’ ही संस्था यांनी मिळून तो चालविला. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता तेथेही रेडिओचा आवाज पोहोचू शकत होता. त्यातून घ्यावयाचा बोध असा, की सर्वांत नवे साधन हेच सर्वांत योग्य साधन असते असे नाही. ज्या शिक्षकाकडे साधा फोन आहे त्याला रोज एक फोन करणे हेही तंत्रज्ञानच होय. मोबाईल शिक्षकाचा स्वतःचा असतो आणि त्याचा खर्चही बहुधा तोच करतो, याचे भान ठेवून कोणालाही त्यावरून कमी लेखले जाणार नाही, अशी काळजी मुख्याध्यापकाने घ्यावी.

बदलीनंतर काय उरते?

या भागातील शाळांचे एक मोठे दुःख असे, की शिक्षक माडिया वा गोंडी थोडी बोलू लागतो, पालकांशी त्याचा घरोबा होतो, आणि मग त्याची बदली होते. नवा शिक्षक पुन्हा पहिल्या शब्दापासून आरंभ करतो. जुन्या शिक्षकाने पाच वर्षांत मिळविलेले ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. बदली हा शिक्षकाचा हक्क आहे आणि ती थांबविणे मुख्याध्यापकाच्या हाती नाही. ज्ञान थांबविणे मात्र त्याच्या हाती आहे.

पहिलीच्या वर्गात लागणारे दोनशे शब्द आणि पन्नास वाक्ये गावातील जाणत्या स्त्री-पुरुषांकडून, अंगणवाडी सेविकेकडून किंवा मोठ्या विद्यार्थ्यांकडून बोलवून घेऊन ध्वनिमुद्रित करावीत. ही नोंद गावागावाची असावी, कारण या भाषा पट्ट्यापट्ट्याने बदलतात. घराला कोठे ‘लोन’ म्हणतात तर कोठे ‘रोन’. केंद्रातील दहा शाळांनी हे काम वाटून घेतले तर एका सत्रात ते पूर्ण होऊ शकते. नवा शिक्षक रुजू होण्यापूर्वीच हा संग्रह त्याच्या हाती द्यावा. शाळेच्या कार्यभार सूचीत जडसंग्रहाबरोबर या ध्वनिसंग्रहाचीही नोंद असावी. मुलाच्या तोंडची भाषा शाळेच्या दप्तरात आली, याहून मोठा सन्मान त्या भाषेचा कोणता?

दुसरी एक तुटलेली साखळी जोडणे आवश्यक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथी उत्तीर्ण झालेले पुष्कळसे मूल पाचवीला आश्रमशाळेत जाते. जिल्हा परिषदेची शाळा एका यंत्रणेखाली, तर आश्रमशाळा गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर आणि चिमूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या अखत्यारीत. कागदोपत्री दाखला जातो, पण मुलाबरोबर त्याची ओळख जात नाही. ते वाचनात कोठे होते, कशाला घाबरते, कशात रमते, हे पाचवीच्या शिक्षकाला कोण सांगणार? जून महिन्यात दोन मुख्याध्यापकांमध्ये पंधरा मिनिटांचे एक संभाषण झाले, तर वसतिगृहात नव्याने आलेले मूल दिवाळीच्या सुटीनंतर परत येईल की घरीच राहील, यात फरक पडू शकतो. मुलांची गळती रोखण्याचे एवढे स्वस्त साधन दुसरे नाही.

एका शाळेची ज्योत, दहा शाळांचा उजेड

या जिल्ह्यांतील शिक्षकांच्या कर्तृत्वाची नोंद देशाने घेतली आहे. सिरोंचा तालुक्यातील आसरअल्ली येथील जिल्हा परिषद शाळेचे खुर्शीद शेख यांना २०२१ मध्ये आणि एटापल्ली तालुक्यातील जाजावंडी येथील शाळेचे मांतय्या बेडके यांना २०२४ मध्ये राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. जाजावंडीच्या शाळेच्या नावातच ‘डिजिटल’ हा शब्द आहे. राज्याच्या नकाशावर शोधून सापडावी लागतात अशी ही गावे. दुर्गमता ही गुणवत्तेची शत्रू नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

मात्र एका शाळेची कीर्ती तिच्या वेशीपाशी थांबता कामा नये. पुरस्कार मिळाल्यावर सत्कार होतो, वृत्तपत्रात छायाचित्र येते. परंतु शेजारच्या शाळेतील शिक्षक ‘तुम्ही हे कसे केले?’ असे विचारण्यास येतो काय? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची कल्पना आपल्या वर्गात राबविली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत तो कोड आला. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. चांगली कल्पना वाटल्याने वाढते, हाच याचा अर्थ.

समारोप

मुख्याध्यापक बंधुभगिनींनो, तंत्रज्ञानाने जंगलातील रस्ता जवळचा होत नाही आणि पूर ओसरत नाही. दोन शिक्षकांच्या जागी तिसरा शिक्षकही त्यातून उभा राहत नाही. रिक्त पदे भरण्याचा तो पर्याय नव्हे. त्याने एवढेच होऊ शकते, की चार वर्गांपुढे एकट्या उभ्या असलेल्या शिक्षकाला आपल्या मागे दहा शाळांतील वीस सहकारी उभे आहेत असे वाटावे. हे वाटणे लहान नाही. एकटा पडलेला शिक्षक बदलीची वाट पाहतो, आणि सहकारी लाभलेला शिक्षक उद्याच्या पाठाची तयारी करतो.

पुढील शिक्षण परिषदेपूर्वी प्रत्येक केंद्रात तीन गोष्टी व्हाव्यात, एवढी अपेक्षा करणे गैर होणार नाही. कार्यालयीन निरोपांचा आणि अध्यापनाचा गट वेगळा व्हावा. परिषदेचा विषय शिक्षकांच्या प्रश्नांतून निवडला जावा. आणि पहिलीच्या मुलांच्या भाषेतील पहिले पन्नास शब्द ध्वनिमुद्रित होऊन सर्व शाळांत पोहोचावेत. या तिन्हींसाठी लागणारे साधन आज बहुतेकांच्या खिशात आहे. त्याला शिक्षकदालनाचे रूप देणे मात्र मुख्याध्यापकाच्याच हाती आहे.